तळपायाची राखण

मैत्रिणींनो, आज एक अगदी साधा प्रश्न विचारते. आपला तळपाय आपण शेवटचा नीट कधी पाहिला होता? चेहरा रोज पाहतो, केस पाहतो, लग्नकार्य आलं की हाताच्या नखांनाही रंग लागतो. तळपायाची आठवण मात्र थंडीत टाचेला भेगा पडल्या, त्यातून रक्त आलं की मगच होते. एरवी तो बिचारा खाली गप्प पडलेला असतो आणि आपण त्याच्यावर उभ्या असतो.

आणि उभ्या तरी किती! आपल्या भागातल्या बायकांचंच बघा. बदलापूरहून सकाळची गाडी पकडणारी बाई कल्याणपर्यंत, पुष्कळदा दादरपर्यंतही उभीच असते. अंबरनाथच्या एमआयडीसीत पॅकिंगला जाणारी आठ तास टेबलापाशी उभी. उल्हासनगरात जीन्स शिवणारीचा पाय मशीनच्या पायट्यावर. आणि जी 'घरीच असते' ती ओट्यापाशी. संध्याकाळी पाय बोलायला लागले की आपण कोमट पाण्यात मीठ टाकतो, तेल चोळतो, उशीवर पाय टाकतो. पाय दुखतात म्हणून आपण त्यांची काळजी घेतो. हे दुखणंच बंद झालं तर काय होत असेल?

मी काही डॉक्टर नाही, इंजिनीअर तर नाहीच नाही. बी.ए. झालेली, घर सांभाळून मंडळाचं काम करणारी बाई. पण मंडळाच्या कामात घरोघरी जाताना मधुमेहाने पाय गमावलेल्या दोन-तीन बायका पाहिल्या आणि हा विषय डोक्यातून जाईना. बदलापूरच्या एका मावशींचं सांगते. साठीच्या आसपासच्या, शिलाईकाम करणाऱ्या. शुगर बारा वर्षांची. एक दिवस संध्याकाळी नातवाने ओरडून सांगितलं, "आजी, लादीवर लाल लाल काय?" बघतात तर काय, टाचणी चपलेच्या तळातून आरपार येऊन अंगठ्याखाली घुसलेली. सकाळपासून मावशी बाजारात जाऊन आल्या, चक्की करून आल्या, दोन जिने चढल्या. दुखलं काहीच नाही. "अगं ताई, मला वाटलं माझे पाय आता बरे झाले. आधी रात्री आग व्हायची, मुंग्या यायच्या, ते सगळं थांबलं होतं ना!" असं त्या मला म्हणाल्या. त्या जखमेपायी पुढे त्यांचा अंगठा काढावा लागला.

दुखणं थांबलं म्हणजे पाय बरा झाला, अशी मावशींची समजूत होती. ती आपल्यापैकी अनेकींची आहे. म्हणून आज थोडं सविस्तर सांगायचंय.

दुखणं ही देणगी आहे

ही गोष्ट जगाला नीट समजावून सांगणारा माणूस आपल्याच देशात जन्मला होता. डॉ. पॉल ब्रँड. मिशनरी आईवडिलांचा हा मुलगा १९१४ साली तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मला, इंग्लंडमध्ये सर्जन झाला आणि १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाला. कुष्ठरोगात हातापायाची बोटं 'गळून पडतात' असं तेव्हा सगळेच समजत. ब्रँड यांनी बारकाईने पाहिलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की बोटं आपोआप गळत नाहीत. रोग नसांना मारतो, नस मेली की संवेदना जाते आणि मग माणूस स्वतःच्या नकळत स्वतःला इजा करून घेतो. तापलेलं भांडं हाताने उचलतो. चपलेतला खिळा दिवसभर पायात वागवतो. रात्री झोपेत उंदराने बोट कुरतडलं तरी त्याला जाग येत नाही.

पायाला इजा तीन तऱ्हांनी होते, असं त्यांनी दाखवून दिलं. पहिली एकदम होणारी, काच किंवा खिळा घुसल्याची. दुसरी घट्ट चपलेची. दाब थोडाच, पण तासन् तास एकाच जागी. तिथे रक्त पोचत नाही आणि कातडी मरते. तिसरी सगळ्यात फसवी. मध्यम दाब, पण तोच, त्याच जागी, हजारो वेळा. म्हणजे आपलं रोजचं चालणं!

आता तुम्ही म्हणाल, चालतात तर सगळेच. मग आपल्याला का जखमा होत नाहीत? कारण आपला पाय दुखतो. लांब चालल्यावर चवडा हुळहुळला की आपण नकळत टाचेवर भार टाकतो, थोडं लंगडतो, दुसऱ्या पायावर रेलतो, नाहीतर सरळ पायरीवर बसतो. पायातली घंटा वाजते आणि आपण जागा बदलतो. ज्याची घंटाच बंद पडली तो मात्र त्याच हाडावर, त्याच ठिकाणी शेवटपर्यंत चालत राहतो. आधी आतलं मांस सुजतं, मग घट्टा येतो, घट्ट्याखाली रक्त साकळतं आणि एक दिवस कातडी फाटते. तोवर आतली जखम बाहेरून दिसते त्यापेक्षा कितीतरी मोठी झालेली असते.

ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेतल्या कारव्हिल इथल्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. जे कुष्ठरुग्णांच्या पायात दिसलं तेच मधुमेहाने बधिर झालेल्या पायातही घडतं, हे तिथे स्पष्ट झालं. २००३ मध्ये ते वारले. पण आज मधुमेहाच्या पायाचे डॉक्टर जे सांगतात त्यातला बराच भाग वेल्लोरच्या त्या बधिर पायांनी शिकवलेला आहे.

दाब मोजायचा तरी कसा?

पाय स्वतः सांगत नाही, तर दुसऱ्या कुणीतरी सांगायला हवं. इथे मोजमाप आलं.

दाब म्हणजे नुसतं वजन नव्हे. वजन किती जागेवर पडतं ते महत्त्वाचं. लोकलच्या गर्दीत साठ किलोच्या बाईची सपाट चप्पल आपल्या पायावर पडली तर आपण "अहो, जरा बघा की" म्हणतो. तिचीच टोकदार टाच पडली तर डोळ्यांत पाणी येतं. बाई तीच, वजन तेच. जागा लहान झाली म्हणून दाब वाढला.

आपण चालतो तेव्हा भार आधी टाचेवर येतो, मग पावलाच्या बाहेरच्या कडेने पुढे सरकतो, चवड्यावर पसरतो आणि शेवटी अंगठ्याने जमीन मागे ढकलून पाय उचलला जातो. टाच टेकताना क्षणभर आपल्या वजनापेक्षाही थोडा जास्तच भार एका पायावर येतो. ओल्या पायाने लादीवर चालून बघा, ठसा सगळा सारखा उमटत नाही. नवी सून कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून घरात येते तेव्हा तिच्या पावलांची कमान मोकळी राहिलेली दिसते, ती त्यामुळेच.

शास्त्रज्ञांनीही सुरुवात अशाच ठशांपासून केली. फ्रान्समध्ये एतियन-ज्यूल मारे यांच्या प्रयोगशाळेत १८७०च्या दशकात बुटाच्या तळाला हवेची पोकळी बसवली होती. पाऊल टेकलं की हवा दाबली जायची आणि रबरी नळीतून जाऊन कागदावर रेघ ओढायची. बुटात बसवलेल्या सेन्सरचा हा पणजोबाच म्हणा! १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कॅनडातल्या सैनिकांच्या पायांच्या पाहणीत हॅरिस आणि बीथ या डॉक्टरांनी कमी-जास्त उंचीच्या रेघांची रबरी चटई वापरली. तिला शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि त्यावर पाऊल टाकायचं. जिथे दाब जास्त तिथे शाई गडद. ही चटई स्वस्त आणि टिकाऊ, त्यामुळे अजूनही पुष्कळ ठिकाणी वापरतात. कारव्हिलमध्ये ब्रँड यांच्या मंडळींनी तर एक मोजाच केला. त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कुप्यांमध्ये रंग भरलेला. मोजा घालून थोडं चालायचं. जिथे दाब जास्त तिथल्या कुप्या फुटायच्या आणि रंगाचा डाग पडायचा. रुग्णाला तो डाग दाखवून सांगता यायचं, "बघ, उद्याची जखम इथे आहे."

आता त्या मोज्याची जागा सेन्सरने घेतली आहे. चपलेत किंवा बुटात आपण जो सुखतळा घालतो, तसाच पातळ सुखतळा, पण त्यात दाब ओळखणारे छोटे छोटे ठिपके बसवलेले. जर्मनीत बनणाऱ्या एका प्रसिद्ध सुखतळ्यात असे ९९ ठिपके असतात. प्रत्येक ठिपका म्हणजे दोन पातळ पापुद्रे आणि मध्ये लवचीक थर. दाब पडला की पापुद्रे जवळ येतात, त्यांच्यातली वीज साठवायची क्षमता बदलते आणि यंत्राला तो बदल कळतो. दुसऱ्या प्रकारात शाईसारखा एक थर असतो. तो दाबला की वीज त्यातून सहज वाहते, सोडला की अडते. हे मोजमाप सेकंदाला पन्नास किंवा त्याहूनही जास्त वेळा होतं. संगणकाच्या पडद्यावर पावलाचं रंगीत चित्र उमटतं. निळा भाग म्हणजे कमी दाब, हिरवा-पिवळा मध्यम आणि लाल म्हणजे धोका.

जमिनीवर ठेवायच्या पाट्याही असतात, त्यांवरून अनवाणी चालायचं. पण अनवाणी पायाचा दाब वेगळा आणि चपलेतला वेगळा. चप्पल उपयोगी पडते की नाही हे बघायचं तर सेन्सर पाय आणि चप्पल यांच्या मध्येच हवा.

हा दाब किलोपास्कलमध्ये मोजतात. ज्यांच्या पायाला एकदा जखम होऊन भरली आहे, त्यांच्या चपलेत त्या जागी दाब २०० किलोपास्कलच्या खाली असावा, किंवा निदान आधीपेक्षा ३० टक्क्यांनी तरी उतरावा, असं मधुमेही पायाचं काम करणारे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ सांगतात. २०० किलोपास्कल म्हणजे किती? करंगळीच्या नखाएवढ्या, म्हणजे एक चौरस सेंटिमीटर जागेवर साधारण दोन किलो. साखरेच्या एकेक किलोच्या दोन पिशव्या नखाएवढ्या जागेवर ठेवल्यात असं समजा. आणि हे दर पावलाला. दिवसात पाच हजार पावलं टाकली तर एका पायावर अडीच हजार वेळा!

या यंत्राला मर्यादाही आहेत. ते वरून खाली पडणारा दाब सांगतं. चालताना कातडी पुढे-मागे ओढली जाते, घासली जाते, ते या ठिपक्यांना नीट कळत नाही. सेन्सर वापरून थकतात, त्यांची पुन्हा पुन्हा पारख करावी लागते. किंमत लाखांच्या घरात. त्यामुळे ही सोय मोठ्या शहरांतल्या खास केंद्रांतच असते. ती आपल्या गल्लीतल्या दवाखान्यात उद्या येणार नाही. पण या यंत्रांनी जे शिकवलं ते आपल्या गल्लीत यायला काहीच हरकत नाही.

मोजमापाने काय शिकवलं?

पहिली गोष्ट म्हणजे घट्टा. आपल्याला वाटतं, कातडी जाड झाली, बरंच झालं, पाय कणखर झाला. मोजमाप सांगतं की घट्टा म्हणजे पायाला कायमचा चिकटलेला खडा. एका अभ्यासात नुसता घट्टा नीट काढल्यावर त्या जागचा दाब जवळपास पाव हिश्श्याने कमी झाला. पण तो डॉक्टरांकडून काढून घ्यायचा. ब्लेडने किंवा कॉर्नच्या पट्टीने घरी नव्हे. बधिर पायावर ब्लेड चालवणं म्हणजे डोळे मिटून विळीवर भाजी चिरण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट, टाच उंच झाली की भार चवड्यावर ढकलला जातो. मधुमेहात नसांबरोबर पायातले छोटे स्नायूही दुबळे होतात, बोटं आखडून वाकडी होतात, चवड्याखालची चरबीची गादी पुढे सरकते आणि हाडांची टोकं थेट जमिनीला भिडतात. अशा पायाला उंच टाच म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

तिसरी गोष्ट, मऊ सुखतळ्याने खरोखर फरक पडतो. चेन्नईच्या डॉ. विजय विश्वनाथन आणि सहकाऱ्यांनी २४१ मधुमेही रुग्णांना वेगवेगळ्या सुखतळ्यांच्या चपला देऊन पाहिलं. हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मऊ सुखतळे वापरणाऱ्यांना नव्या जखमा कमी झाल्या आणि कडक तळाच्या चपला घालणाऱ्यांना कितीतरी जास्त. त्यांतला एक सुखतळा होता सूक्ष्म बुडबुड्यांच्या रबराचा, ज्याला एमसीआर म्हणतात. वेल्लोरकडे कुष्ठरुग्णांसाठी वापरात आला तोच.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. जी. के. अनंतसुरेश आणि त्यांच्या चमूने तिथल्या सरकारी मधुमेह संस्थेबरोबर २०२१ मध्ये एक वेगळीच चप्पल पुढे आणली. तिच्या तळात छोट्या छोट्या कमानी आहेत. ठरावीक दाबापेक्षा जास्त भार आला की तिथली कमान टपकन खाली बसते आणि भार शेजारच्या कमानींवर जातो. पाय उचलला की ती पुन्हा उभी राहते. ना बॅटरी, ना वायर. पाय सांगत नाही तर चप्पलच जागा बदलते!

आपल्या महाराष्ट्रात, आपल्या गावात

आपल्या राज्यातही या विषयावर मनापासून काम झालं आहे. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी भारतीय रुग्णांचे पाय समोर ठेवून २००३ मध्ये मधुमेही पायावर सचित्र पुस्तक लिहिलं. 'स्टेप बाय स्टेप' नावाच्या उपक्रमात त्यांनी पुढाकार घेतला. डॉक्टर आणि नर्स अशा जोड्या तयार करायच्या आणि लहान ठिकाणीही पाय तपासता यावेत असं बघायचं, ही त्यामागची कल्पना. भारताबरोबर टांझानियातही तो उपक्रम चालला. मुंबईचे डॉ. अरुण बाळ यांनी मधुमेही पायासाठी डॉक्टरांची संघटना उभी करण्यात मोठा वाटा उचलला.

आपल्या शेजारी कल्याणला, पत्रीपुलाजवळ हनुमाननगर ही कुष्ठरुग्णांची वसाहत आहे. तिथल्या कामासाठी डोंबिवलीचे गजानन माने यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. गाडीतून जाताना आपण त्या वस्तीकडे पाहत नाही. पण आपल्या मधुमेही आईचा पाय कसा वाचवायचा हे ज्ञान अशाच वस्त्यांतल्या माणसांच्या पायांवरून आलं आहे.

इथेच एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. सरकारच्या कुष्ठरोग कार्यक्रमात बधिर पायांच्या रुग्णांना एमसीआर चपला मोफत मिळतात, वर्षाला दोन जोड. पण पुष्कळजण त्या घालत नाहीत. कारण चप्पल बघूनच लोक ओळखतात, हा कोण आहे ते. पाय वाचवणारी चप्पल लाजेपायी कोपऱ्यात पडून राहते. आणि हेच मला मधुमेही बायकांमध्ये दिसतं. अंबरनाथच्या एका वहिनींना मुलाने मुद्दाम मऊ, मागे पट्टा असलेल्या चपला आणून दिल्या. लग्नाला निघाल्या तेव्हा पायात त्याच जुन्या नाजूक टाचेच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "त्या आजारी बायकांच्या दिसतात हो! लोक विचारतात, काय झालंय म्हणून." घरातल्या लग्नात बायकोची चप्पल कशी दिसते याकडे खरंच कुणाचं लक्ष असतं का? पण आपल्याच मनात ते असतं. आपल्याला आजारी दिसायचं नसतं, कारण आजारी बाई म्हणजे घराला ओझं, असं आपल्या मनावर कुणीतरी कधीतरी कोरून ठेवलेलं आहे.

बरं, चप्पल घातली तरी ती उंबऱ्यापर्यंत! नेदरलँड्समध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मधुमेही लोकांच्या खास बुटांत छोटं यंत्र ठेवून पाहिलं. लोक बाहेर जाताना बूट बऱ्यापैकी वापरत, घरात कमी. आणि पावलं मात्र घरातच जास्त पडत होती. ही त्या थंड देशाची गोष्ट, जिथे घरात बूट घालण्यात काही वावगं नाही. आपल्याकडे तर चप्पल दाराबाहेर. स्वयंपाकघर, देवघर सगळीकडे अनवाणी. आणि बाईची निम्म्याहून जास्त पावलं पडतात ती ओटा, मोरी, गॅलरी यांच्या मधल्या कडक लादीवर. म्हणजे ज्या तासांत पायावर सगळ्यात जास्त भार, त्याच तासांत पायात काही नाही!

म्हणून मी घरोघरी सांगते की घरासाठी वेगळी, स्वच्छ, मऊ, मागे पट्टा असलेली चप्पल ठेवा. ती बाहेर न्यायचीच नाही. देवघरात जाताना काढा हवी तर. सासूबाई कुरकुरल्या तर त्यांनाही एक जोड आणा. शुगर त्यांनाही असेल! उल्हासनगरच्या एका सिंधी दीदींनी हे ऐकलं आणि घरात सगळ्यांना सारख्याच चपला आणल्या. "आता कोण आजारी ते ओळखूच येत नाही," म्हणून हसत होत्या.

देवाधर्माचंही सांगते, रागावू नका. नवरात्रात अनवाणी राहण्याचं व्रत, महाशिवरात्रीला अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिरात दर्शनाची रांग, हे सगळं श्रद्धेचं आहे आणि माझीही श्रद्धा आहे. पण बधिर पायाला तापलेला दगड कळत नाही, फोड आल्यावरच कळतं. देवळात सकाळी ऊन चढायच्या आत जा, जाड सुती मोजे घाला. कोल्हापुरी चप्पल आपली शान आहे, तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. ज्यांचे पाय शाबूत आहेत त्यांनी ती अभिमानाने घालावी. पण बधिर पायाला कडक तळ आणि अंगठ्याचा पट्टा सोसत नाही. पट्टा घासला तरी कळत नाही आणि चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही.

घरच्या घरी करायची परीक्षा

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीप्रमाणे आपल्या देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. म्हणजे प्रत्येक चाळीत, प्रत्येक सोसायटीत कुणी ना कुणी आहेच. या सगळ्यांना सेन्सरचा सुखतळा मिळणार नाही. पण पाय बधिर झालाय का, हे ओळखायला बोट पुरतं.

दवाखान्यात यासाठी नायलॉनचा एक जाड धागा वापरतात. तो तळव्यावर टेकवून दाबला की बरोबर दहा ग्रॅमला वाकतो. तेवढा स्पर्श कळला नाही तर पाय धोक्यात. घरासाठी इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये याहून सोपी परीक्षा सांगितली. आईला पाय लांब करून झोपवा, डोळे मिटायला सांगा. आपल्या बोटाच्या टोकाने तिच्या बोटांच्या टोकांना हलकेच, एक-दोन सेकंद स्पर्श करा. दाबायचं नाही, टोचायचं नाही, गुदगुल्या नाहीत, पुन्हा पुन्हा हात लावायचा नाही. उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजवं मधलं बोट, डावं मधलं बोट. स्पर्श कळला की तिने 'उजवा' किंवा 'डावा' म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर डॉक्टरांना पाय दाखवायलाच हवा. दोन मिनिटांचं काम. ही परीक्षा डॉक्टरांची जागा घेत नाही, पण डॉक्टरांकडे कधी जायचं ते सांगते.

आणखी काही गोष्टी कात्रण करून कपाटाच्या दाराला लावा:

• रोज रात्री दोन्ही तळपाय बघा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा. बोटांच्या बेचक्याही बघा, पावसाळ्यात तर नक्कीच. पाय धुतल्यावर बेचक्या कोरड्या करा.

• हाताच्या मागच्या बाजूने दोन्ही पायांची ऊब ताडून बघा. एकाच जागी एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर आत सूज सुरू झाली असेल. थर्मामीटरने मोजणारे तज्ज्ञ २.२ अंश सेल्सिअसचा फरक धोक्याचा मानतात. अशा वेळी चालणं कमी करा आणि डॉक्टरांना दाखवा.

• चप्पल संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. कागदावर उभं राहून पावलाची आकृती काढा, कापा आणि दुकानात नेऊन चपलेत ठेवून बघा. कागद कडेला दुमडला तर चप्पल अरुंद आहे.

• सुखतळा अंगठ्याने दाबून बघा, तो थोडा आत जायला हवा. खालचा तळ मात्र टाचणी आरपार न जाणारा, भक्कम हवा.

• नवी चप्पल पहिले काही दिवस अर्धा-एक तासच घाला. काढल्यावर कुठे लाल झालंय का ते बघा. तो लाल डाग म्हणजे आपल्या घरचा सेन्सर!

• घालण्यापूर्वी चप्पल झटका, आत हात फिरवा.

• पाय गरम पाण्यात घालण्याआधी पाणी कोपराने बघा. बधिर पायाला शेक देऊ नका.

• छोटीशी जखम झाली, दुखत नसली, तरी त्याच दिवशी दाखवा. दुखत नाही हेच काळजीचं कारण आहे.

तिशीच्या पुढच्या सगळ्यांची शुगर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासली जाते. आपल्या तिन्ही गावांसाठी उल्हासनगर कॅम्प ३ मधलं मध्यवर्ती रुग्णालय आहे. पायाची ठेवण बिघडली असेल, खास चप्पल करून घ्यायची असेल तर मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची अपंग पुनर्वसनाची मोठी संस्था आहे. दादरला गाडी बदलून महालक्ष्मीला उतरायचं. डॉक्टरांकडे गेलात की शुगरचा कागद दाखवून उठू नका. चप्पल काढा आणि म्हणा, "डॉक्टर, पायही बघा." डॉक्टर घाईत असले तरी म्हणा. पाय आपला आहे.

आणि शेवटी एक सुचवते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण दरवर्षी वाण काय द्यायचं म्हणून डोकं खाजवतो. प्लॅस्टिकचे डबे, चहाच्या गाळण्या, सगळं देऊन झालं. यंदा एक छोटा हातातला आरसा द्या. देताना प्रत्येकीच्या कानात सांगा, "हा चेहऱ्यासाठी नाही हं, तळपायासाठी."